पेरूतलं पुणं: आरेकिपात नऊ दिवस, दिवसाला एकच काम

पायपीट

आधी कबुली. दक्षिण अमेरिकेच्या तीन महिन्यांच्या भटकंतीची एक्सेल शीट मी केली होती. रंगीत. हिरवं म्हणजे बुकिंग झालं, पिवळं म्हणजे जमलं तर बघू, लाल म्हणजे हे चुकलं तर घरी तोंड दाखवायला जागा नाही. त्या शीटमध्ये आरेकिपाच्या वाट्याला दोन रात्री होत्या, त्याही पिवळ्या. राहिलो नऊ.

निमित्त नवऱ्याच्या डोक्याचं. कुस्को ३,४०० मीटरवर. तिथून तितिकाका सरोवराकाठच्या पुनोला गेलो, ते ३,८०० च्याही वर. (हो, पुण्याहून पुनोला. हा विनोद आम्ही शंभर वेळा केलाय, तुम्ही करू नका.) आपली कळसूबाई १,६४६ मीटर. तिच्या दुपटीहून उंच जागी पाठीवरच्या सॅका घेऊन आम्ही बाजार हिंडत होतो. कोकाच्या पानांचा चहा पिऊन झाला, गोळ्या घेऊन झाल्या. तिसऱ्या रात्री तो अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला, "खाली जाऊ या. कुठेही. फक्त खाली."

पुनोहून बसने साधारण सहा तासांवर आरेकिपा, उंची २,३३५ मीटर. आमची बस वाटेत कुठेतरी माळावर दीड तास उभी राहिली, कारण शेवटपर्यंत कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने दोन अंडी आणि तीन पाव खाल्ले, तेव्हा बसचे सगळे गुन्हे मी माफ केले.

खोली सान लासारो नावाच्या जुन्या वस्तीत मिळाली. बोळ इतके अरुंद, की समोरून कुत्रं आलं तर आपण भिंतीला चिकटायचं. वर गच्ची. गच्चीतून समोर मिस्ती, ५,८२२ मीटरचा ज्वालामुखी, लहान मुलांनी चित्रात काढावा तसा त्रिकोणी. डावीकडे सहा हजार मीटरच्या वरचा चाचानी, उजवीकडे पिचू पिचू. पहिला दिवस आम्ही गच्चीत बसूनच काढला. कपडे धुतले, वाळत घातले, ते वाळताना बघितले.

दुसऱ्या दिवशी मात्र माझ्यातली एक्सेल जागी झाली. कोल्काची दरी, पहाटे तीनला गाडी, संध्याकाळी परत. नवरा म्हणाला नाही. मी म्हटलं हो. बरंच भांडण झालं. खाली अंगणात मालकीणबाई झाडांना पाणी घालत होत्या. मराठी कळत नसलं तरी सूर कळलाच असणार. त्या हसून म्हणाल्या, "नेवादा!" मग आमच्या मोडक्या स्पॅनिशला झेपेल इतपत समजावलं: आरेकिपाच्या माणसाला अधूनमधून उगाचच घुश्शात जायचा झटका येतो, त्याला नेवादा म्हणतात. दोष माणसाचा नाही, डोंगरावरच्या बर्फाचा.

त्या बर्फाच्या कृपेने तह झाला. दिवसाला एकच काम. एक जागा किंवा एक जेवण किंवा एक चक्कर. ते झालं की दिवस संपला, मग दुपारचे बारा का वाजले असेनात.

बाकी प्रतिसादांत लिहिते. एकदम टंकायचा कंटाळा आलाय.

खिडकीतली सीट

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)! फोटो टाका की. आणि शीर्षकात पुणं का आणलंय ते सांगितलंच नाहीत.

पायपीट

फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये आहेत. त्याला इथे आयडी काढायला सांगितलाय.

पुणं अशासाठी: इथल्या लोकांना आपल्या गावाचा जो अभिमान आहे, तो मी फक्त पुण्यात पाहिलाय. दुकानांत 'आरेकिपा प्रजासत्ताका'चा पासपोर्ट विकायला असतो. गमतीचाच, पण मालकीणबाईंनी आपला दाखवला तो अगदी गंभीर चेहऱ्याने. लिमा म्हणजे राजधानी असेल, पण तिथे धुकं, गर्दी आणि जेवणाला चव नाही, हे आम्हाला नऊ दिवसांत चार जणांनी सांगितलं. शहराची स्थापना १५ ऑगस्ट १५४० ची. आमचाही तो मोठा दिवस आहे म्हटल्यावर मालकीणबाईंना वाटलं, आम्ही आरेकिपाचाच वाढदिवस साजरा करतो. मी खुलासा केला नाही.

आणि दुपारी एक ते चार दुकानं बंद. अजून काय पुरावा हवा?

वऱ्हाडी ठेचा

ते सगळं ठीक. खायचं काय? मी ऐकलंय तिकडे सगळं मांस आणि सगळं अळणी.

पायपीट

अळणी? बसा, सांगते.

आरेकिपाची खरी खाणावळ म्हणजे पिकांतेरिया. नावातच तिखट आहे. दुपारीच चालते, संध्याकाळी गेलात तर दार बंद. लांब बाकं, चुलीवरची मोठाली भांडी, आणि एका कोपऱ्यात 'बातान', म्हणजे चक्क पाटा. वरवंटा आपल्यासारखा मागेपुढे ओढायचा नाही, जड दगड दोन्ही हातांनी डोलवायचा. पण आवाज तोच. मी डोळे मिटले तर आजीचं माजघर.

त्या पाट्यावर वाटून ओकोपा करतात. वाळवून भाजलेली मिरची, शेंगदाणे, चीज, वाकाताय नावाचा उग्र वासाचा पाला. हे सरसरीत वाटण उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर ओततात. पहिला घास घेतला आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. दाण्याची आमटी! उपासाच्या बटाट्यावर दाण्याची आमटी! (शाकाहाऱ्यांनी विचारून घ्या, काही ठिकाणी त्यात सुकी कोळंबी पडते. आणि 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. चिकन हे बऱ्याच जणांच्या लेखी मांस नसतंच.)

आता रोकोतो. दिसायला हुबेहूब लाल ढोबळी मिरची, गुबगुबीत, गोड चेहऱ्याची. कापली की आत काळ्या बिया. सॅलडमध्ये कच्चा तुकडा होता, नवऱ्याने ढोबळी समजून अख्खा तोंडात टाकला. कोल्हापूरचा माणूस आहे, त्यामुळे बोलला काही नाही, फक्त चष्मा काढून ठेवला. तीच मिरची पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून जहालपणा उतरवतात आणि खिमा, चीज भरून भाजतात, तो 'रोकोतो रेयेनो'. सोबत बटाट्याचा थरांचा केक. मी खिमा खात नाही, म्हणून माझ्या वाट्याला 'सोल्तेरो दे केसो': पांढरं चीज, वालासारखे मोठे दाणे, मका, ऑलिव्ह, कांदा, टोमॅटो. तीन वेळा खाल्लं.

साधी थाळी, म्हणजे सूप, मुख्य पदार्थ आणि सरबत, गल्लीतल्या खाणावळीत १० ते १५ सोलला. सोल तेव्हा बावीस-तेवीस रुपयांचा होता. पिकांतेरिया त्याहून महाग, पण एका ताटात दोघं जेवतात.

सूपला वार असतो. सोमवारी चाके, मंगळवारी चाइरो. रविवारी सकाळी आदोबो: चिचा (मक्याची आंबवलेली दारू) घालून रात्रभर मुरवलेलं डुकराचं मटण, मातीच्या भांड्यात, पावासोबत. नवरा सकाळी सातला रांगेत उभा होता. हा माणूस पुण्यात रविवारी अकराला उठतो.

मोरावळा

उपासाचा विषय निघालाच आहे म्हणून. आपल्या एकादशीच्या ताटात बघा: बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा. सगळे मूळचे अमेरिका खंडातले, बरेचसे दक्षिणेचेच. कोलंबसनंतर पोर्तुगीज वगैरेंच्या गलबतांतून आले. राजगिऱ्याची आपण खातो ती जातही तिकडचीच. ताटात वरई आणि शिंगाडा तेवढे घरचे. ज्ञानोबा-तुकोबांपैकी ज्ञानोबांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली असणं शक्यच नाही.

पायपीट

मोरावळा, अगदी! राजगिऱ्याला तिथे किविचा म्हणतात. फुललेल्या किविचाच्या मधात घट्ट केलेल्या वड्या रस्त्यावर मिळतात. आपली राजगिऱ्याची वडीच. एक पाकीट घेऊन आम्ही चौकातल्या बाकावर बसलो आणि एकादशी कधी आहे ते फोनवर बघितलं. चार दिवसांपूर्वी होऊन गेली होती.

हो, आणि सान कामिलोच्या बाजारात रसवाल्या बायकांची एक अख्खी ओळ आहे. उंच ओट्यांवर बसलेल्या, मागे फळांचे मनोरे, सगळ्या एकदम हाका मारतात, "कासेरा, कासेरा!" कासेरा म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक. आयुष्यात पहिल्यांदा गेलात तरी. ग्लास संपला की मिक्सरमध्ये उरलेलं पुन्हा ओततात, त्याला 'यापा' म्हणतात. आपली भाजीवाली वर मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या टाकते, तेच. चौथ्या दिवसापासून आमची एक बाई ठरली. पाचव्या दिवशी दुसरीकडे प्यायलो तर ठरलेल्या बाईने लांबून जे बघितलं!

(पेरूत पेरू मिळतात का, हा प्रश्न येणारच. मिळतात. तिथे त्यांना ग्वायाबा म्हणतात.)

घाटमाथा

लेखन छान. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आरेकिपाला नऊ दिवस राहून कोल्का नाही? म्हणजे रायगडाच्या पायथ्याला जाऊन पिठलं-भाकरी खाऊन परत. तीन हजार मीटरहून खोल दरी आहे ती. क्रूस देल कोंदोर ह्या दरीकाठच्या जागी सकाळी हवा तापली की गिधाडं पंख न हलवता डोक्यावरून जातात, तीन मीटरचे पंख. आम्ही एका दिवसात करून आलो. झोप गाडीत काढली. लाखभर रुपये विमानाला घालून बाजारात रस प्यायचा, तर मंडई काय वाईट होती?

खिडकीतली सीट

घाटमाथा, पिठलं-भाकरीला नावं ठेवू नका. :)

पायपीट

राग नाही. हेच वाक्य मी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला जवळपास शब्दशः म्हटलं होतं, रायगडासकट.

पण कोल्काच्या रस्त्यात ४,९०० मीटरच्या आसपासची खिंड ओलांडावी लागते. एका दिवसात २,३०० वरून तिथे आणि परत. ज्याचं डोकं सहाव्या दिवशीही जरा जड होतं, त्याला मी पहाटे तीनला कशी घालणार होते गाडीत? गिधाडं राहिली हे खरं. पण ज्यांना जायचंय त्यांनी एका दिवसाचा नाद करू नये. वाटेत चिवाय नावाचं गाव आहे ३,६०० मीटरवर, तिथे एक रात्र काढा, सकाळी दरी बघा.

राहता राहिली मंडई. मंडईत माझ्या डोक्यात गॅस सिलिंडर, सासूबाईंचं औषध आणि साडेनऊची मीटिंग असते. सान कामिलोत फक्त आंबा की पपई एवढंच होतं.

कृष्णाकाठ

ते पांढरं शहर म्हणतात ते हेच ना? दगड कुठला? आम्ही कराडकडचे, कोयनेच्या धक्क्यांवर वाढलेले. ज्वालामुखीच्या पायथ्याशी दगडी घरं म्हटल्यावर पोटात गोळा येतो.

पायपीट

हो, पांढरं शहर. दगडाला सियार म्हणतात. ज्वालामुखीची राख थरावर थर दाबून झालेला, पांढरा, कधी गुलाबी छटेचा. आपल्या बेसॉल्टसारखा छिन्नी मोडणारा नाही, मऊ. म्हणून चर्चच्या दर्शनी भिंतींवर वेलबुट्टीची नुसती खैरात. चौकाच्या कोपऱ्यावर जेझुइटांचं चर्च आहे, ला कोम्पान्या. त्याच्या १६९८ सालच्या दरवाज्याभोवती देवदूतांच्या शेजारी मक्याची कणसं आणि इथली पानंफुलं कोरलीयत. नक्षी युरोपातून आली, हात इथले होते. २००० साली युनेस्कोने जुन्या गावाला वारशाच्या यादीत घेतलं ते ह्या मिश्रणासाठीच.

धक्के विचारलेत. २३ जून २००१ ला ८.४ चा झाला. चौकाची एक अख्खी बाजू व्यापणारं कॅथेड्रल आहे, त्याचा एक मनोरा कोसळला. तो पुन्हा बांधलाय, सांगितल्याशिवाय कळत नाही. त्याआधी १८६८ चा मोठा. जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड आणि वर कमानी छप्पर, ते ह्याच अनुभवातून. आमच्या खोलीबाहेर खांबावर हिरवी पाटी होती, 'एस' अक्षराची. धक्का बसला तर इथे उभं राहायचं. सगळ्या इमारतींत असते. एका रात्री पलंग हलला. आम्ही पाटीखाली जाऊन उभे राहिलो, पायात चपला नाहीत. मालकीणबाईंच्या खोलीतला टीव्ही चालूच होता.

कृष्णाकाठ

ओळखीचं वाटलं. आमच्याकडेही पाहुणेच पळतात.

ओसरी

त्या ननच्या मठाबद्दल लिहा ना. आणि ती बर्फातली मुलगी, हुआनिता, बघितलीत का? मला त्या प्रकाराबद्दल नेहमी संमिश्र वाटतं.

पायपीट

मठ म्हणजे सांता कातालिना. १५७९ मधला. तिकीट ४० सोलच्या वर, त्या दिवशी आम्ही जेवण गल्लीत उरकलं. पण मठ म्हणून इमारत डोळ्यांसमोर आणू नका. गावातलं गाव आहे, २०,००० चौरस मीटरचं. भिंतीआड गल्ल्या, गल्ल्यांना स्पेनमधल्या शहरांची नावं: कोर्दोबा, तोलेदो, सेविया. एक चौक कर्द निळा, पुढचा विटकरी लाल. सुखवस्तू स्पॅनिश घरांतल्या मुली भरघोस हुंडा देऊन इथे यायच्या. हुंडा देवाघरी. प्रत्येकीची वेगळी खोली, वेगळी चूल, हाताखाली बायका. १८७१ मध्ये पोपने एक कडक शिस्तीची नन पाठवली, तिने हा थाट मोडला. १९७० पर्यंत बाहेरच्या कुणाला आत पाऊल टाकता येत नव्हतं. आजही एका भागात नन राहतात, तिकडे दार बंद.

मी सगळ्यात जास्त वेळ बसले धुण्याच्या जागेत. मधून दगडी पाट वाहतो, दोन्ही बाजूंना मोठाले रांजण उभे चिरून आडवे ठेवलेत, अर्धे अर्धे. ज्या रांजणात पाणी हवं, तिथे पाट अडवायचा. पाणी वळतं. शेतात दारं धरतात ना, अगदी तसं. तिथल्या पोराने मला करून दाखवलं, मग मीही दोनदा केलं. चार तास गेले. त्या दिवसाचं एक काम ते.

हुआनिता. बघितली. १९९५ मध्ये आम्पातो पर्वताच्या माथ्याजवळ सापडली. शेजारचा साबान्काया ज्वालामुखी जागा झाला, त्याच्या गरम राखेने आम्पातोवरचा बर्फ वितळला आणि पाचेकशे वर्षं गोठलेली मुलगी घरंगळत खाली आली. इन्कांनी डोंगराला वाहिलेली. वय बारा ते पंधरा. उणे २० अंशांत काचेच्या पेटीत आहे. (वर्षाच्या सुरुवातीचे काही महिने तिला आत ठेवतात आणि दुसरी दाखवतात, आम्ही मे महिन्यात गेलो.) आधीच्या दालनांत तिची शाल, चांदीची टाचणी, चपला. हे सगळं मी आवडीने बघितलं. मग शेवटच्या अंधाऱ्या थंड खोलीत ती. उजव्या हाताने कपड्याचा काठ मुठीत घट्ट धरलाय. दवाखान्यात इंजेक्शनच्या वेळी मुली फ्रॉक धरतात तसा.

ओसरी, संमिश्र म्हणालात. मला तिथे दोन मिनिटंही उभं राहवेना, आणि बाहेर आल्यावर परत जावंसं वाटलं. नवरा आत आलाच नाही. बाहेर पायरीवर बसून होता. त्या दिवशी संध्याकाळी फारसं बोललो नाही आम्ही.

सोलापुरी चादर

व्हिसा, लस, सुरक्षितता? जानेवारीत विचार आहे.

पायपीट

आमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता, पोचण्याच्या दिवसापासून सहा महिन्यांहून जास्त मुदत असलेला, म्हणून पेरूचा वेगळा काढला नाही. नियम बदलतात, दूतावासाचं पान बघूनच तिकीट काढा. पिवळ्या तापाची लस मात्र घ्याच. परत भारतात उतरताना कार्ड विचारतात. प्रवासाआधी किमान १० दिवस, सरकारमान्य केंद्रातच. एकदा घेतली की जन्मभर पुरते. रात्री टॅक्सी रस्त्यात हात दाखवून थांबवू नका, ॲपवरून किंवा घरमालकांकडून बोलवा. आम्हाला काही त्रास झाला नाही. जानेवारी-फेब्रुवारी पावसाचे, मिस्ती ढगात जाऊ शकतो. मे ते सप्टेंबर आकाश निळंशार. ऊन मात्र भाजतं, टोपी विसरू नका.

आणि कुठे नाही गेलात तरी चिली नदीचा पूल ओलांडून (नदीचं नाव चिली, हो) संध्याकाळी यानावाराला चालत जा. पांढऱ्या कमानींची रांग, कमानीत बरोब्बर मिस्ती. तिथे बायका लाकडी पिंपातून 'केसो एलादो' खरवडून देतात. नावात चीज, आत चीज नाही. दूध, खोबरं, दालचिनी. धातूचं भांडं बर्फ-मिठात हाताने फिरवून करतात. म्हणजे मे महिन्यातलं गच्चीवरचं पॉट आइस्क्रीम. आमच्या नऊपैकी तीन संध्याकाळी तिथेच गेल्या.

पिवळा रकाना

नमस्कार. धागाकर्तीचा नवरा. आयडी आजच मिळाला. फोटो रात्री टाकतो.

दोन दुरुस्त्या. एक, रोकोतो खाल्ल्यावर मी चष्मा काढला कारण तो धूसर झाला होता. दोन, डोकं तिसऱ्या दिवशीच पूर्ण थांबलं होतं. बोललो नाही, कारण कोल्काच्या गाडीचे पैसे भरायचे बाकी होते.

घाटमाथा

:D :D गिधाडं वाट बघतायत तुमची.

पायपीट

@पिवळा रकाना, संध्याकाळी घरी आलास की बोलू. येताना अर्धा किलो शेंगदाणे आण, ओकोपा करायचाय. पाटा तू धुवायचास.